सीट चार बोटे खाली

आमच्या भागातली जुनी घरे बुटक्या माणसांनी बांधली असावीत. लहानपणी मी आमच्या चौकटीवर इतक्या वेळा डोके आपटले की शेवटी आईने चौकटीच्या माथ्याला सुंभ गुंडाळला. पुढे मला वाकण्याची सवय झाली, तरी सुंभ काही वर्षे तिथेच होता. पाहुणे त्याचे कारण विचारत आणि आई माझ्याकडे बोट दाखवी.

नोकरी मालवाहू जहाजावर केली. मी सुकाणी होतो, म्हणजे जहाजाचे चाक हातात धरून उभा राहणारा माणूस. अधिकारी दिशा सांगतो. सुकाणी तीच दिशा मोठ्याने पुन्हा उच्चारतो आणि चाक फिरवतो. उच्चारली, की ती त्याने स्वीकारली असा अर्थ होतो. त्यापुढे मत द्यायचे नसते. हे काम माझ्या स्वभावाला मानवले. शिवाय चाकाच्या खोलीचे छत उंच होते आणि तिथे बसण्याची मुभा नव्हती. माझी पाठ आणि मान निवृत्तीपर्यंत सरळ राहिली.

या सगळ्या काळात बायको गावी होती. दोन मुले, आजारपणे, लग्नकार्ये, तांदळाच्या पिशव्या, हे सर्व घेऊन ती एसटीने फिरली. तिने तक्रार केल्याचे मला आठवत नाही. तक्रार ऐकायला मी घरी नसे, हेही खरे आहे. कायमचा घरी आलो तेव्हा मी तिला सांगितले, की यापुढे तुला जिथे जायचे असेल तिथे मी नेईन. ती म्हणाली, "बरा." तो दिलेला शब्द होता.

मग गाडी घेतली. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आहेत आणि मधली पाणंद अरुंद आहे. त्या पाणंदीतून सुटेल अशी गाडी हवी होती. मी पाणंदीची रुंदी मोजली, गाडीची रुंदी मोजली, आरशांसाठी दोन्हीकडे वीतभर जागा धरली आणि गाडी पसंत केली. स्वतःची उंची मोजायची राहिली. गाडी घरी आणताना डोके छताला टेकले होते. पहिल्या दिवशी वाटले, होईल सवय.

सवय झाली, पण ती अशी. गाडीचे छत दाराच्या बाजूला उतरते आणि मध्ये थोडे उंच असते. चालक उजवीकडे बसतो. तेव्हा डोक्याला जागा हवी असेल तर मान डावीकडे कलती ठेवावी लागते. डावीकडे बायको बसलेली असे. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला असे दिसे, की ती सारखी काहीतरी सांगत आहे आणि मी अत्यंत लक्षपूर्वक ऐकत आहे.

नाक्यावर एक चहाची टपरी आहे. तिचा मालक माझ्या वयाचा, शाळेत माझ्याबरोबर होता. त्याने हे दृश्य पहिल्या आठवड्यातच टिपले.

"काय सुकाणी," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जन्मभर कप्तानाचा आयकलास. आता बायलेचा आयकतस?"

"चहा दी," मी म्हटले.

"साखर घालू काय? की तीपण घरात इचारून सांगतलस?"

मी बिनसाखरेचा चहा प्यायलो. तशी मला साखर लागते.

अशी काही वर्षे गेली. छताच्या आतल्या कापडावर, माझे डोके टेकत असे तिथे, खोबरेल तेलाचा तळहाताएवढा डाग पडला. बायको गाडी पुसताना त्याच्याकडे बघे आणि सोडून देई.

गेल्या वर्षी लायसन्स नव्याने करून घेण्याची वेळ आली. माझ्या वयाला त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. मुदत मार्गशीर्षात संपत होती. पावसाळ्याच्या अखेरीस मी कुडाळातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते घाटावरचे, तरुण, बोलणे मोकळे. डोळे तपासले, कान तपासले, रक्तदाब पाहिला. सगळे ठीक होते. मग म्हणाले, "उजवीकडे बघा."

मी पाहिले.

"मान वळवून बघा. तुम्ही कंबरेतून वळताय."

मी मान वळवली. ती अर्ध्यावर थांबली.

"उजवीकडून मोटरसायकल आली तर कशी दिसणार तुम्हाला?"

"आवाज येतो," मी म्हटले.

ते हसले, पण सही केली नाही. मान का आखडली ते त्यांनी विचारले आणि मी छताची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मग सरळ आहे. गाडीने मान वाकवलीय. एक तर गाडी सोडा, नाहीतर गाडीत नीट बसा. व्यायाम देतो. मुदत संपायच्या आत पुन्हा या. मान वळली तर सही, नाहीतर नाही. रागावू नका."

मी रागावलो नव्हतो. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

घरी हे सांगितले. मुलगा पुण्याला असतो. त्याला फोनवर त्याच्या आईने सांगितले आणि फोन मला दिला. तो म्हणाला, "बाबानू, गाडी इकून टाका. खंय जावचा झाला तर रिक्षा सांगा. ह्या वयात कित्याक तरास?" मी फोन बायकोच्या हातात दिला.

मुदतीचा महिना तोच जत्रेचा महिना होता. बायकोचे माहेर फोंडाघाटाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आहे. तिथल्या देवीची जत्रा मार्गशीर्षात असते आणि त्या दिवशी माहेरवाशिणी ओटी भरायला येतात. गाडी घेतल्यापासून दरवर्षी मी तिला नेत होतो. त्या संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "नाय झाला तर नाय. एसटी आसा मा."

तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हते. एसटी आहे, ही एक माहिती तिने दिली. मी उठून घरामागच्या परड्यात गेलो. तिथे माझे काही काम नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी व्यायाम सुरू केला आणि गाडीबद्दल विचार करू लागलो. छत वर जाणार नव्हते. मी खाली जाणार नव्हतो. राहिली सीट.

आमच्या वाटेवरच्या एका गावात एक गॅरेजवाला आहे. वय चाळिशीचे, अंगाने आडवा, बोलण्यात कधी कमी न पडणारा. कोणतेही काम त्याने याआधी केलेले असतेच. दसऱ्यानंतर गाडीची नेहमीची दुरुस्ती करून तो ती पोचवायला घरी आला, तेव्हा मी त्याला विचारले, की चालकाची सीट खाली घेता येईल का.

"कित्याक येवची नाय?" तो म्हणाला. "काकानू, तुमची गाडी बरी आसा. तुमीच तिका मोठे झालास."

"कशी घेशील ते सांग."

"दोन वाटो आसत. एक म्हणजे फोम कापूचो. पण फोम कापलो तर रस्त्यावरचो खड्डो थेट तुमच्या कंबरेक. दुसरी वाट, सीट ज्या लोखंडी पायांवर बसवलेली आसा, ते पाय बारके करून घालूचे. जुने पाय सांभाळून ठेवतंय. आवडला नाय तर परत बसवूया."

"बोल्ट?"

"जुनेच. जुन्याच भोकात."

"पट्टा?"

"पट्ट्याक हात लावणंय नाय. काकानू, मी ह्या आधी केलेला आसा."

जिथे बोल्ट आणि पट्टा जागचे हलत नाहीत, तिथे माझी हरकत नव्हती. किती खाली, एवढाच प्रश्न उरला. गाडीत बसून मोजणे शक्य नव्हते, कारण गाडीत मला सरळ बसताच येत नव्हते. तेव्हा पडवीतल्या बाकावर सरळ बसवून मोजावे आणि ते माप गाडीत छतापासून खाली लावावे, असे ठरले. टेप त्याने गॅरेजमध्ये ठेवला होता. बायको पडवीत झावळीचे हीर काढत बसली होती. हीर म्हणजे माडाच्या पात्याची मधली काडी. त्यांची केरसुणी करतात, आणि आमच्याकडे टेप सापडला नाही की मोजायलाही तेच घेतात. तिने त्यातला एक लांब, सरळ हीर निवडून त्याच्या हातात दिला.

मी त्या वेळी माडांची आळी करून नुकताच वर आलो होतो. अंगात बनियन, पायांना चिखल, डोक्याला पंचा. तसाच बाकावर बसलो. भिंतीला पाठ लावली. हनुवटी आत घेतली. इतका सरळ मी जहाज सोडल्यापासून बसलो नव्हतो.

गॅरेजवाल्याने हीर बाकावर उभा टेकवला, माझ्या पाठीला लावून वर आणला आणि जिथे मी संपलो तिथे मोडला.

"हेच्यावर चार बोटां मोकळी ठेवतंय," तो म्हणाला. "खड्ड्यात उडालास तरी टकला छताक लागूचा नाय."

"टकला नाय आसा माका," मी म्हटले.

"छताक घासून घासून पडतला," बायको म्हणाली.

तो हीर घेऊन आणि गाडी घेऊन गेला. तीन-चार दिवसांनी गाडी आली. मी आत बसलो. छत पुष्कळ वर होते. मी मान सरळ केली, डावीकडे वळवली, उजवीकडे जितकी वळेल तितकी वळवली. काही अडले नाही. गॅरेजवाला दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कसा वाटता?"

"बरा आसा," मी म्हटले. ते त्या क्षणी खरे होते.

मग पाय पेडलवर ठेवले आणि चाक धरले. सीट खाली गेली होती. पाय तेवढेच लांब राहिले होते. दोन्ही गुडघे चाकाच्या दोन्ही अंगांनी वर आले. गॅरेजवाल्यासमोर मी त्याबद्दल बोललो नाही. तो गेल्यावर बायकोला म्हटले, चल, नाक्यापर्यंत जाऊन येऊ.

ती शेजारी बसली. दार लावले. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिची सीट जुन्याच उंचीवर होती. मी सहा फुटांच्या वर, ती माझ्या खांद्याखाली. आणि आता तिचे डोके माझ्या डोक्याच्या वर होते. लग्नापासून हे प्रथमच घडत होते.

"हंय केस गेले तुमचे," ती म्हणाली. "माका ठावकच नव्हता."

मी गाडी सुरू केली.

"नि असे बसलास काय? आडाळेर बसल्यासारखे."

आडाळी ही आमच्याकडची विळी. तिच्या लाकडी पाटावर बसून नारळ खवायचा असतो आणि बसणाऱ्याचे गुडघे खांद्यापाशी येतात. उपमा चपखल होती, आणि मी गाडी पाणंदीत घातली.

पाणंदीच्या तोंडाशी डावे वळण आहे. मी चाक फिरवले. ते अर्धे फिरले आणि माझ्या गुडघ्याला अडले. मी ब्रेक दाबला. आरसा गडग्यापासून बोटभर अंतरावर थांबला. गडग्यावर बसलेला सरडा निघून गेला.

"हळू," बायको म्हणाली.

"हळू," मी म्हटले, आणि गुडघा बाजूला घेऊन उरलेले चाक फिरवले.

नाक्यावर टपरीवाला बाहेरच उभा होता. त्याने आधी बायकोकडे पाहिले, मग नजर खाली आणून माझ्याकडे. त्याला वेळ लागला नाही.

"सुकाणी, आधी नुसतो आयकायचस," तो म्हणाला. "आता बायल वयर नि घोव खाली. बढती झाली म्हणायची. तिची."

बायको हसली. ती सहसा नाक्यावर हसत नाही.

त्यानंतर आठवडाभर मी त्या सीटवर बसून गाडी चालवून पाहिली. मान सरळ राहत होती आणि दुखणे कमी झाले होते. ते नाकारता येत नव्हते. पण प्रत्येक वळणावर गुडघा आधी हलवायचा आणि चाक नंतर, असा क्रम ठेवावा लागे. आमचा रस्ता वळणांचाच आहे. मी म्हटले, सवय होईल.

"सवय कोणाक?" बायको म्हणाली. "गडग्याक?"

मग एकदा बाजारातून येताना समोरून वाळूचा डंपर आला. मला चाक झटकन फिरवायचे होते आणि ते फिरले नाही. डंपरवाला जाणता होता, त्याने त्याच्या बाजूने जागा दिली. काही झाले नाही. पण बायकोने मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती, ती घरी येईपर्यंत सोडली नाही. मी गाडी लावली आणि गॅरेजवाल्याला फोन केला. त्याला म्हटले, की मान सुटली पण गुडघे अडकले, आणि हे असेच राहिले तर जत्रेला मी हिला घेऊन जाणार नाही. तो संध्याकाळी आला. सोबत हीर आणला होता. पुरावा म्हणून.

"काकानू, माप चुकूक नाय," तो गाडीत वाकून म्हणाला. "हो बगा हीर. छतापासून चार बोटां सोडून सीटीपर्यंत. बरोबर आसा मा?"

बरोबर होते. हीर सीटवर उभा होता आणि त्याच्या टोकाच्या वर त्याची चार बोटे मावत होती.

"मगे बसा," तो मला म्हणाला.

मी बसलो. त्याने माझे डोके आणि छत यांच्यामध्ये हात घातला. चार बोटे गेली, आणि वर दुसऱ्या हाताची तीन बोटे गेली.

त्याने बोटे पुन्हा मोजली. ही गोष्ट क्वचित घडते. मग म्हणाला, "हीर खोटा बोलणा नाय. म्हणजे तुमीच बारीक झालास."

"आठवड्यात?"

"वय झाला की माणूस आकसता, काकानू. माझो आजो असोच आकसलेलो."

"तुझो आजो शंभरीक इललो," बायको पडवीतून म्हणाली. "हेंका आकसाक अजून वेळ आसा. हंय येवा दोघय. बाकार बसा."

मी बाकावर बसलो. त्या दिवशी मी दुपारी अंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता. भिंतीला पाठ लावली, हनुवटी आत घेतली. गॅरेजवाल्याने हीर उभा केला. हीर माझ्या डोक्याच्या वर गेला, चांगला तीन बोटे.

"बगा," तो म्हणाला. "आकसलास."

बायको उठली. ती मागीलदारी गेली. दोरीवरचा वाळत घातलेला पंचा घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिने तो माझ्या डोक्याला गुंडाळला, मी गुंडाळतो तसाच, टोक मागे खोचून. मग गॅरेजवाल्याच्या हातातला हीर घेतला आणि माझ्या पाठीला लावला.

हीर आणि पंचा एका पातळीवर होते.

आमच्याकडे पुरुष घरी असला की पंचा डोक्यावर असतो. ऊन असो, पाऊस असो, परड्यात काम असो, पडवीत बसणे असो. देवासमोर काढतात, जेवताना काढतात. मोजून घेताना काढावा, असा रिवाज नाही. ज्याने मोजले त्याच्या बापाच्या डोक्यावर पंचा असतो, आणि जिने हीर निवडून दिला तिने मला घरात पंच्याशिवाय फारसे पाहिलेले नाही. तिघेही तिथे होतो. डोके कुठे संपते आणि पंचा कुठे सुरू होतो, हा प्रश्न कोणाला पडला नाही. सीट तीन बोटे जास्त खाली गेली होती, ती आम्ही नुसत्या पंच्यासाठी नेली होती.

गॅरेजवाला आधी जमिनीकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलू लागले. बायको पदर तोंडाला लावून आत गेली आणि आतून तिचा आवाज बराच वेळ येत होता. मी बाकावर पंचा घालून बसलो होतो. तिसरा माणूस हसल्याशिवाय अशा प्रसंगाला शेवट येत नाही. तेव्हा मीही हसलो.

"काकानू, एक करूया," गॅरेजवाला डोळे पुसत म्हणाला. "गाडी चालवताना तुमी पंचो बांधा. माप बरोबर होतला."

"नि गुडघ्याक काय बांधू?"

"थांबा."

त्याने पंचा उतरवायला सांगितले, हीर पुन्हा पाठीला लावला आणि या वेळी माझ्या डोक्यावर तळहात आडवा धरून जिथे खरे डोके होते तिथे मोडला. वरचा तुकडा त्याच्या हातात राहिला. तीन बोटांएवढा. पंच्याची जाडी. तो तुकडा त्याने शर्टाच्या खिशात घातला, पेनाशेजारी.

"हेच्या उंचीचे लोखंडाचे तुकडे सीटीखाली घालतंय," तो म्हणाला. "बोल्ट तेतूनच वर येतले. लांब बोल्ट लागतले, ते चांगल्या पोलादाचे घालतंय. नि ह्या वेळेक तुमी स्वतः येवा, गॅरेजीत. डोक्यार काय न घालता."

मी गेलो. डोक्यावर काही न घालता गेलो. त्याने सीट काढली, तुकडे घातले, सीट बसवली, मला बसवले, उठवले, पुन्हा बसवले. प्रत्येक बोल्ट मी स्वतः पान्याने ओढून पाहिला. तो कंबरेवर हात ठेवून उभा होता.

"इस्वास नाय?"

"तुझ्यार आसा. बोल्टार नाय."

मग चाक पूर्ण डावीकडे फिरवले, पूर्ण उजवीकडे फिरवले. गुडघ्याला लागले नाही. मान सरळ होती. छत आणि डोके यांच्यामध्ये त्याने चार बोटे घातली आणि पाचवे बोट घालायचा प्रयत्न केला. ते गेले नाही. छताचा तो तेलाचा डाग आता माझ्या डोक्याच्या वर, थोडा डावीकडे, एकटाच होता.

"डाग काढून देवू?" त्याने विचारले. "औषध आसा माझ्याकडे."

मी घरी विचारून सांगतो म्हटले. घरी विचारले. बायको म्हणाली, "रवांदे. जागा ठावक आसांदे." तो तसाच आहे.

त्या दिवशी गॅरेजमधून परत येताना नाक्यावर टपरीवाल्याने गाडी थांबवली होती. तो खिडकीशी वाकला, माझ्या मानेकडे बघितले, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितले.

"सरळ बसलस," तो म्हणाला. "भांडान झाला काय घरात?"

"नाय."

"मगे आयकाक कसा येतला तुका?"

"चहा दी," मी म्हटले. "साखर घाल."

दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले. व्यायाम मी सोडला नाही. मान आठवड्यागणिक थोडी अधिक वळू लागली. सकाळी पडवीत उभा राहिलो की आधी फक्त माड दिसे, मग विहीर दिसू लागली, मग विहिरीपलीकडचे शेजाऱ्याचे पेंढ्याचे उडवे. मुदत संपायच्या आत आम्ही कुडाळला गेलो. बायको बरोबर आली. यायची गरज नव्हती.

"उजवीकडे बघा," डॉक्टर म्हणाले.

मी पाहिले. त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते.

"डावीकडे. पुन्हा उजवीकडे. कंबर हलवू नका." ते माझ्या मागे जाऊन उभे राहिले. "आता माझ्याकडे बघा."

मला त्यांचा खांदा दिसला आणि त्यामागचे दार. मी तसे सांगितले.

"छान. काय केलंत?"

"सीट खाली घेतली."

"मला वाटलं होतं तुम्ही छत कापाल."

"तोही विचार केला होता."

"आणि व्यायाम? रोज करता?"

"करतो."

"दोनदा करतंत," बायको म्हणाली. "डोक्याचा पंचो काढून."

पंच्याचे काय, ते डॉक्टरांना कळले नाही, आणि आम्ही दोघांनीही सांगितले नाही. त्यांनी सही केली. शिक्का मारला. मी कागद घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि बाहेर येईपर्यंत दोनदा तपासला. लायसन्सचे पुढचे काम सरळ झाले. मुलाला त्याच्या आईने फोनवर कळवले. तो काहीतरी म्हणाला आणि ती म्हणाली, "नाय रे. गाडी खंय इकूक नाय. बापूस तुझो सरळ झालो."

जत्रेच्या दिवशी सकाळी लवकर निघालो. मागच्या सीटवर ओटीचे सामान, दोन नारळ, माहेरच्यांसाठी सुके बांगडे, कागदात आणि वर प्लास्टिकमध्ये, तरी वास येत होता. पाणंदीच्या तोंडाशी मी चाक डावीकडे फिरवले आणि ते फिरले. गडग्यावर सरडा होता. तो हलला नाही.

कणकवलीच्या पुढे रस्ता डोंगराकडे वळतो. तिथे आमच्यापुढे एसटी आली. भरलेली होती; मागच्या काचेतून माणसांच्या पाठी दिसत होत्या आणि कोणाची तरी पिशवी काचेला टेकली होती. पुढे जायला जागा होती, पण मी गेलो नाही, मागेच राहिलो. बायको त्या पिशवीकडे बघत होती. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

मी मान डावीकडे झुकवली.

"काय झाला?" ती म्हणाली. "मान परत गेली?"

"नाय. आयकाक इला नाय."

तिने माझ्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिले.

"म्हटलंय," ती म्हणाली, "जत्रा झाली की एकदा आंबोलीक जावया. बारको असताना झीलाक बेळगावाक डॉक्टराकडे नेलेलंय, तेव्हा एसटी आंबोलीसून गेली. तो माझ्या मांडयेर निजललो. भायर नुसता धुका. आंबोली काय ती दिसूकच नाय."

मुलाला बेळगावला न्यावे लागले होते, हे मला माहीत नव्हते. त्या वर्षी मी कोणत्या समुद्रावर होतो, ते आठवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. पुढची एसटी थांब्याला बाजूला झाली आणि रस्ता मोकळा झाला.

तिने इतक्या वर्षांत जागेचे नाव घेऊन, तिथे ने, असे प्रथमच सांगितले होते.

"आंबोलीक," मी म्हटले, आणि गाडी पुढे घेतली.